फिशटँकमधले न दिसणारे कामगार आणि ते शोधणारा माणूस: सर्गेई विनोग्रादस्की

मागच्या वर्षी मी पाच लहान गोल्डफिश ४० लिटरच्या टाकीतून १२० लिटरच्या टाकीत हलवले आणि आठवड्याभरात त्यातले दोन मेले. मोठी टाकी म्हणजे माशांची चैन, असा माझा समज होता. हलवाहलवीच्या दिवशी सगळं अगदी मनापासून केलं. जुनी खडी घासून धुतली. फिल्टरचा काळपट, बुळबुळीत झालेला स्पंज कचऱ्यात टाकला आणि नवा पांढराशुभ्र स्पंज बसवला. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले आणि मासे सोडले. पाणी इतकं नितळ होतं की मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. पाणी अजूनही काचेसारखं स्वच्छ. पाचव्या दिवशी एक गेला, सातव्या दिवशी दुसरा. मग कुठे मला टेस्ट किट आणायची बुद्धी झाली. अमोनियाच्या नळीचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या चौकटीशी जुळला.

म्हणजे चूक कुठे झाली? तर तो घाणेरडा स्पंज फेकला तिथेच. त्या स्पंजात नेमकं काय राहत होतं, हे जगाला ज्याने पहिल्यांदा नीट दाखवलं, त्या माणसाची ही गोष्ट आहे.

आधी टाकीतलं गणित समजून घेऊ

माशाच्या खाण्यात प्रथिनं असतात. ती पचली की त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो पांगून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे?

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जास्त विषारी आणि एक कमी. त्यांचं प्रमाण पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर विषारी भाग १ टक्क्याहून कमी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग सुमारे ५ टक्क्यांवर जातो. म्हणून सारखाच अमोनिया एका घरी माशांना चालून जातो आणि दुसऱ्या घरी जीव घेतो.

चालू, मुरलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य असतं. पाणवनस्पती ते वापरतात आणि उरलेलं आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकतो.

हे दोन टप्पे आणि ते करणारे दोन वेगळे कामगार ओळखण्याचं मोठं श्रेय सर्गेई विनोग्रादस्की यांना जातं. गंमत अशी की त्यांनी माशांसाठी काहीच केलं नव्हतं. त्यांना माती समजून घ्यायची होती.

वकिली नको, पियानो नको

विनोग्रादस्की यांचा जन्म १८५६ साली कीव्ह शहरात, एका सधन घरात झाला. तेव्हा कीव्ह रशियन साम्राज्यात होतं. आधी त्यांनी कायद्याच्या अभ्यासाला प्रवेश घेतला, पण तिथे मन रमलं नाही. मग निसर्गविज्ञान घेतलं, तेही सुटलं. त्यानंतर सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात जाऊन ते थिओडोर लेशेटित्स्की या नावाजलेल्या गुरूंकडे पियानो शिकायला लागले. तेही सोडलं. आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणाले असते, ते तुम्हाला माहीतच आहे.

१८७७ साली ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा निसर्गविज्ञानाकडे वळले आणि या वेळी टिकले. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ फामिन्त्सिन यांच्या हाताखाली त्यांना सूक्ष्मजीवांची गोडी लागली. १८८५ साली ते स्ट्रासबुर्गला आंतोन दे बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे त्यांनी बेगिआटोआ नावाचा जिवाणू अभ्यासाला घेतला. गंधकाच्या झऱ्यांमध्ये पांढऱ्या धाग्यांसारखा दिसणारा हा जीव. त्याच्या पेशीत गंधकाचे चमकदार कण असतात. विनोग्रादस्की यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवरच या धाग्यांना जगवलं आणि वेळोवेळी हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं. सडक्या अंड्याचा वास येतो तो हा वायू. तो मिळाला की पेशीत गंधकाचे कण भरायचे, बंद केला की कण नाहीसे व्हायचे, आणि फार दिवस मिळाला नाही की धागे मरायचे.

यातून निघालेला अर्थ मोठा होता. हा जीव साखर किंवा मांस खाऊन जगत नव्हता. त्याला ऊर्जा मिळत होती ती एका निर्जीव रसायनाच्या ज्वलनातून. १८८७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हिरव्या वनस्पती सूर्यावर जगतात आणि बाकीचे त्यांच्यावर, या समजात बसत नसलेला जगण्याचा एक तिसरा मार्ग समोर आला होता.

ज्या कोड्यात सगळे अडकले होते

आता जरा मागे जाऊ. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग जाहीर केला होता. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगाई ठेवल्या, तर पाणी न बदलताही समतोल टिकतो, असं त्यांनी दाखवलं. घरगुती मत्स्यालयाची कल्पना रुजली त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. मात्र समतोल कशामुळे टिकतो याचा हिशेब तेव्हा मुख्यतः ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचा होता. सूक्ष्मजीवांचा कोणाला पत्ताच नव्हता.

पुढे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी वाळू आणि खडू भरलेल्या लांब काचनळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. सुमारे २० दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. मग एकाएकी तो नाहीसा व्हायला लागला आणि नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद. नंतर थोडं मातीचं पाणी ओतलं की पुन्हा सुरू. म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं. ज्यांनी नवी टाकी सुरू केली आहे, त्यांना हे २० दिवस चांगले ओळखीचे वाटतील.

हा जिवंत कोणीतरी पकडायचा कसा? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञाने त्यावर वर्षानुवर्षं घालवली. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, म्हणजे त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचाच मुलगा. दोन टप्प्यांचा अंदाज त्याला आला होता, पण जिवाणू काही वेगळा काढता येईना.

अडचण पद्धतीत होती. त्या काळी जिवाणू वेगळे करायचे तर जिलेटिनवर वाढवायचे, ही रॉबर्ट कॉख यांची रीत होती. जिलेटिन म्हणजे प्रथिनांची मेजवानीच. त्यावर भलतेच जिवाणू भराभर वाढायचे आणि हवा तो मात्र कधीच उगवायचा नाही.

झुरिकमधली तीन वर्षं

१८८८ च्या सुरुवातीला दे बारी वारले आणि विनोग्रादस्की झुरिकला गेले. बेगिआटोआने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: या जिवाला काय हवंय ते आधी ओळखा, मग फक्त तेवढंच द्या.

त्यांनी झुरिकच्या सरोवराचं पाणी घेतलं. त्यात अमोनियम सल्फेट आणि पोटॅशियम फॉस्फेट थोडं थोडं घातलं आणि तळाला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड टाकली. साखर नाही, प्रथिनं नाहीत, रस्सा नाही. वरून चिमूटभर माती. मग या भांड्यातलं थोडं पुढच्या भांड्यात, त्यातलं त्याच्या पुढच्या, असं करत गेले. फुकटच्या अन्नावर वाढणारे जिवाणू या उपासमारीत मागे पडले. अमोनिया मात्र प्रत्येक भांड्यात संपत होता.

आता इथे लक्ष द्या, कारण आपल्या टाकीची गोष्ट इथेच आहे. भांड्यातलं पाणी स्वच्छच राहायचं. त्यात शोधूनही फारसं काही सापडेना. जिवाणू होते ते तळाच्या पांढऱ्या पुडीला चिकटून, कणाकणाभोवती बुळबुळीत थर करून. माझ्या फेकलेल्या स्पंजाची बुळबुळ हीच. पाणी नितळ आहे की गढूळ, यावरून टाकी निरोगी आहे की नाही हे कळत नाही. कामगार पाण्यात पोहत नसतात, ते पृष्ठभागावर वस्ती करून असतात.

१८९० मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्यांचे लेख एकामागून एक आले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही असाच जिवाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. विनोग्रादस्की तिथे थांबले नाहीत. जिलेटिनऐवजी त्यांनी सिलिकाच्या जेलचा थर वापरला, ज्यात खाण्यासारखं काहीच नसतं. अमोनियाचं नायट्राइट करणारे वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे, हे त्यांनी सिद्ध केलं. पहिल्या गटातल्या एकाला नाव दिलं नायट्रोसोमोनास, दुसऱ्या गटातल्याला नायट्रोबॅक्टर. आजही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जिवाणूंची बाटली मिळते, तिच्यावर बहुधा हीच नावं छापलेली असतात.

त्यांनी आणखी एक हिशेब मांडला, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या जिवाणूंना स्वतःच्या शरीरात साधारण १ ग्रॅम कार्बन साठवायचा, तर त्यासाठी सुमारे ३५ ग्रॅम नायट्रोजनचं ज्वलन करावं लागतं. केवढी मेहनत आणि केवढी तुटपुंजी कमाई! म्हणूनच हे जिवाणू इतके हळू वाढतात. दह्याचे जिवाणू एका रात्रीत भांडं भरून टाकतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायलाच अर्धा ते एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात त्याचं कारण हे आहे. घाई करून उपयोग नाही.

माणसाचीही टाकी बदलते

१८९१ साली पाश्चर यांच्या वतीने मेचनिकोव स्वतः झुरिकला आले आणि पॅरिसला येण्याचं आमंत्रण दिलं. विनोग्रादस्की यांनी ते नाकारलं आणि सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत गेले. तिथे त्यांनी हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारा, ऑक्सिजनशिवाय जगणारा एक जिवाणू मातीतून वेगळा केला आणि त्याला पाश्चर यांच्या नावावरून क्लोस्ट्रिडियम पाश्चुरियानम म्हटलं. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. पण प्रकृती साथ देईना. १९०५ च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पद सोडलं आणि युक्रेनमधल्या आपल्या शेतीवाडीवर राहायला गेले. सूक्ष्मदर्शक बाजूला पडला. पंधरा वर्षं त्यांनी संशोधन केलं नाही.

मग रशियात क्रांती झाली आणि यादवी युद्ध पेटलं. शेती गेली, पैसा गेला. ओडेसा बंदरातून बोटीने त्यांना देश सोडावा लागला. साठी उलटलेला, एके काळचा श्रीमंत जमीनदार आणि नामवंत शास्त्रज्ञ आता निर्वासित होता. १९२१ मध्ये बेलग्रेडला प्राध्यापकी मिळाली. पुढच्याच वर्षी पाश्चर इन्स्टिट्यूटचे एमिल रू यांनी त्यांना बोलावलं. एकतीस वर्षांपूर्वी नाकारलेलं दार पुन्हा उघडलं होतं. या वेळी त्यांनी हो म्हटलं.

पॅरिसजवळच्या ब्री-काँत-रोबेर या गावात त्यांना प्रयोगशाळा मिळाली. वय ६६. त्या वयात लोक आठवणी लिहायला घेतात. हे पुन्हा माती घेऊन बसले आणि जवळपास दोन दशकं काम केलं. १९३५ साली त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रातलं मानाचं लेव्हेनहुक पदक मिळालं. मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये आला, तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते. १९५३ च्या फेब्रुवारीत, ९६ व्या वर्षी ते गेले.

पुढे काय बदललं?

विनोग्रादस्की यांचं चित्र मूळात बरोबर ठरलं, पण पात्रं वाढली. १९९० च्या दशकात असं दिसलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरपेक्षा नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू जास्त करतात. २००५ मध्ये अमोनिया खाणारा पहिला आर्किया वेगळा केला गेला. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव. आणि तो मिळाला कुठे, तर सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीत! २०१५ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही टप्पे एकटीच करणारी नायट्रोस्पायरा सापडली, आणि दोनपैकी एका गटाला ती मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये मिळाली. शंभर वर्षं शास्त्रज्ञ मातीत शोधत राहिले आणि उत्तरांचा एक भाग माशांच्या टाकीत होता.

मग टाकी बदलायची कशी?

आता हिशेब सोपा आहे. जिवाणूंची संख्या टाकीच्या लिटरवर ठरत नाही, रोज तयार होणाऱ्या अमोनियावर ठरते. मासे तेवढेच असतील, तर जुन्या फिल्टरमधली वस्ती मोठ्या टाकीलाही पुरते. ती जिवंत हलवली की झालं.

- जुना फिल्टर तसाच नव्या टाकीत लावा. स्पंज ओला ठेवा. कोरडा पडला किंवा बंद पिशवीत तासन्‌तास राहिला, तर जिवाणू ऑक्सिजनविना मरतात. नवा फिल्टरही शेजारी सुरू करा आणि दोन्ही निदान चार ते सहा आठवडे एकत्र चालू द्या.
- जुनी खडी, दगड, सजावट सोबत न्या. त्यावरही वस्ती असते. जुनं पाणी मात्र फारसं कामाचं नाही, त्यात जिवाणू थोडेच असतात.
- क्लोरीन आधी काढा. नळाच्या पाण्यात क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं. ते आपला जंतू आणि परका जंतू असा भेद करत नाही. अँटी-क्लोरीन आधी मिसळा, स्पंज आणि मासे नंतर.
- दोन्ही पाण्यांचं तापमान आणि पीएच जुळवा. मासे थेट ओतू नका, नवं पाणी थोडं थोडं मिसळत न्या.
- पहिले दोन आठवडे खाणं कमी द्या. कमी खाणं म्हणजे कमी अमोनिया. नवे मासे लगेच आणू नका.
- अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. अमोनिया उतरला की नायट्राइट चढतं, म्हणून पहिला आकडा बघून निर्धास्त होऊ नका. दोन्ही शून्यावर येईपर्यंत टाकी मुरलेली नाही.
- वीज गेली तर हवा द्या. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असू द्या. या जिवाणूंना माशांइतकीच ऑक्सिजनची गरज असते.

माझे उरलेले तीन मासे कसे वाचले, तेही सांगतो. रोज एक तृतीयांश पाणी बदलत होतो, पण त्याने फक्त वेळ मिळत होता. शेवटी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांची टाकी सात-आठ वर्षं चालू आहे. त्यांच्याकडून फिल्टरच्या स्पंजाचा एक काळा, बुळबुळीत तुकडा मागून आणला, विरजण मागतात तसा. तो माझ्या फिल्टरमध्ये खोचला. अमोनिया चार दिवसांत उतरायला लागला. नायट्राइटला मात्र जवळपास तीन आठवडे लागले, आणि तोवर बादली काही सुटली नाही.

आता स्पंज अगदीच तुंबला तरच काढतो आणि टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळतो, नळाखाली कधीच नाही. ते तपकिरी पाणी तुळशीला जातं. त्यात नायट्रेट असतं, आणि शेणखतातला अमोनिया मातीत ज्या वाटेने नायट्रेट होतो, त्याच वाटेने ते तयार झालेलं असतं. विनोग्रादस्की यांनी झुरिकमध्ये चिमूटभर मातीत शोधली ती हीच वाट. तुळस छान वाढली आहे आणि तिन्ही मासे ठीक आहेत.